वापरणारं कुणी उरलेलं नाही

माझ्या हातून एक वाक्य लिहिलं गेलंय, जे मला आता खोडता येत नाही. वाक्य इंग्रजीत होतं आणि अगदी साधं होतं. माझ्या माहितीप्रमाणे हा प्रोसेसर वापरणारं आता कुणी उरलेलं नाही. खाली माझं नाव.

साताऱ्यात बसून मी दिवसभर एका कंपनीचं काम करते. पण उरलेल्या वेळात, म्हणजे सकाळचा चहा ठेवल्यापासून डबे भरेपर्यंत आणि रविवारी दुपारी, नऊ वर्षं मी एका कंपायलरचं काम केलं. माणसानं लिहिलेला प्रोग्राम मशीनला कळेल अशा सूचनांत उतरवून देतं ते अवजार म्हणजे कंपायलर. आमचं हे अवजार जगभरातली हौशी माणसं मिळून बनवतात. कुणीही घ्यावं, कुणीही दुरुस्त करावं. प्रत्येक जातीच्या प्रोसेसरसाठी त्यात वेगळा भाग असतो आणि त्या भागाची निगा राखायला एक माणूस नेमलेला असतो. त्याला मेंटेनर म्हणतात. माझ्या वाट्याचा प्रोसेसर कधीच बाजारातून उठलेला होता. तो बनवणारा कारखानाही त्याला विसरला होता. नवरा त्याला 'तुझं म्हातारं' म्हणायचा. "आज तुझ्या म्हाताऱ्याची तब्येत कशी?" असं विचारत चहाचा कप उचलायचा. मीही हसायचे.

ते म्हातारं मला भेटलं सांगलीच्या कॉलेजात. माझं माहेर सांगलीचं. आमच्या प्रयोगशाळेत बाकी सगळे साधे संगणक आणि एका कोपऱ्यात, स्वतंत्र टेबलावर, हाच प्रोसेसर असलेलं एकच मोठं धूड. त्याच्या पंख्याची घरघर जिन्यापर्यंत ऐकू यायची. ते सांभाळायला एक प्रयोगशाळा सहायक होते. आधी फौजेत, सिग्नलमध्ये, वायरी आणि यंत्रं हाताळून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. पण आमच्याकडं फौजेतून परत आलेला कुठलाही माणूस मेजरच असतो. प्राध्यापकांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना मेजरच म्हणत.

पहिल्याच आठवड्यात मी त्या मशीनचं बटण सरळ खटकन बंद केलं. मेजर तीन ढांगांत आले. मला वाटलं मारतात आता.

"आगं, आसं बंद करत्यात व्हय? आदी त्याला सांगायचं आस्तंय. मग त्ये आपलं समदं आवरून घेतं. मग बंद करायचं."

मी तेव्हाही जिभेची तिखटच होते. म्हटलं, मशीनला काय कळतंय? मेजर म्हणाले, "त्याला कळू दे न्हाईतर न्हाई. तुला कळाय पायजे." आणि मला शेजारी स्टुलावर बसवून बंद करण्याची आज्ञा कशी द्यायची ते शिकवलं. पुढं तीन वर्षं मी त्या स्टुलावर बसले. पुस्तकातलं मला प्राध्यापकांनी शिकवलं. पण मशीनसमोर बसावं कसं, चूक दिसली की घाबरण्याऐवजी ती नीट वाचावी कशी, हे मला मेजरनी शिकवलं. माझं आज जे काही आहे ते त्या स्टुलावरून सुरू झालं. हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही. आपल्यात बोलून दाखवत नाहीत.

मी पास होऊन बाहेर पडले त्या सुमाराला कॉलेजनं ते धूड भंगारात काढलं. मेजरचीही नोकरी संपत आली होती. त्यांनी साहेबांना अर्ज करून मशीन मागून घेतलं, वाकळेत गुंडाळलं आणि टेम्पोत घालून कवठे महांकाळकडच्या आपल्या गावी नेलं. टेम्पोत ते पुढं बसले नाहीत. मागं, मशीनला धरून बसले. तिथं एक वायरही नीट लावता येत नाही अशा घरात ते काय करणार याचं, म्हणून लोक हसले. मीही हसले होते का? आठवत नाही. बहुतेक हसले असेन.

मग माझं लग्न ठरलं. घाईघाईत पत्रिका मी फोनवरच सगळ्यांना पाठवल्या, मेजरनाही एक पाठवली. लग्नात मी हार घालून उभी असताना दारातून येणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या टोपीकडं बघत होते. मेजर आले नाहीत. महिन्याभरानं मी फणकाऱ्यानंच फोन केला. "मेजर, आला नाहीत ते?"

पलीकडून शांतपणे आलं, "बोलवाय कोन आलं हुतं?"

आधी मला हसू आलं, मग कानशिलं तापली. आमच्या भागात नुसत्या पत्रिकेला बोलावणं म्हणत नाहीत. घरातलं कुणीतरी दारात यावं लागतं, पाटावर नाहीतर सतरंजीवर बसावं लागतं, घोटभर चहा घ्यावा लागतो आणि उठताना "यायचं बरं का" असं तोंडानं म्हणावं लागतं. तसं म्हटलं नाही तर पत्रिका सोन्याच्या अक्षरात छापा, माणूस यायचा नाही. आणि रागावून नव्हे. आपल्याला बोलावलेलं नाही, मग जायचं कसं, एवढा सरळ हिशेब. मी तेव्हाच ठरवलं, या माणसाला पुन्हा कधी फोनवर काही विचारायचं नाही. काही असलं तर दारात जायचं.

हे मी ठरवलं नसतं तर फार बरं झालं असतं.

मेंटेनर झाले तेव्हा मी मेजरना कळवलं होतं. मेंटेनर म्हणजे काय हे त्यांनी नीट समजून घेतलं आणि आमच्या ईमेल-पत्रांच्या यादीत स्वतःचा ईमेल पत्ता घालायला लावला. त्या यादीवर जगभरातली माणसं कंपायलरविषयी एकमेकांना लिहितात. जो यादीत असेल त्याला प्रत्येक पत्र जातं. पण मेजरनी तिथं एका शब्दानंही कधी काही लिहिलं नाही. एक वर्ष गेलं, चार गेली, नऊ गेली. मशीनला उंदरांनी खाल्लं असेल, मेजरना डोळ्यांनी दिसत नसेल, असं मी कधी धरून चालले ते माझं मलाच कळलं नाही.

मग कंपायलरच्या आतली सगळी रचना बदलायचं ठरलं. बदल चांगला होता, मी त्याच्या बाजूनंच बोलले होते. पण त्यासाठी प्रत्येक प्रोसेसरचा भाग नव्यानं बांधायला लागणार होता. माझ्या भागाला किमान चार महिने लागले असते आणि माझ्याकडं तर ते मशीनही नव्हतं, त्याची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर मी भागवत होते. यादीवर मला फार नम्रपणे विचारण्यात आलं, हे कुणी वापरतं का? त्या नम्रतेचा मला राग आला, आणि राग आला कारण मीही आतून तेच विचारत होते. मी थकले होते. घर, नोकरी, सासूबाईंच्या डोळ्यांची ऑपरेशनं आणि वर हे म्हातारं.

अशा वेळी आमच्यात एक रीत आहे. यादीवर जाहीर लिहायचं, की हा भाग काढायचा विचार आहे, कुणी वापरत असेल तर बोला. मग पुढची आवृत्ती निघेपर्यंत थांबायचं. कुणीच बोललं नाही तर काढायचं. ते पत्र लिहिणं मेंटेनरचं काम. मी लिहायला बसले. 'माझ्या माहितीप्रमाणे' इथपर्यंत आले आणि मेजर आठवले. बोटं थांबली.

फोन हाताशी होता. पण हे फोनवर विचारायचं? लग्नाच्या पत्रिकेसारखं? नाही, दारात जाऊनच विचारायचं. वेळ भरपूर आहे. दिवाळीला माहेरी जाईन तेव्हा पुढं तासाभराचा रस्ता. असं म्हणून मी वाक्य पुरं केलं, वापरणारं कुणी उरलेलं नाही, आणि पत्र पाठवून दिलं.

दिवाळीत गेले नाही. संक्रांतीला सांगलीपर्यंत गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले. आता हे सगळं लिहितेच आहे तर खरं लिहिते. मला जायचं नव्हतं. मी दारात जाऊन विचारलं असतं आणि मेजर हो म्हणाले असते, तर ते चार महिने माझ्या गळ्यात पडले असते. फोनवर विचारायचं नाही ही रीत मला आयती सापडली होती. तिच्याआड मी छान लपले.

यादीवर कुणीच बोललं नाही. एका रविवारी दुपारी मी तो भाग काढून टाकला. हजारो ओळी, त्यातल्या कितीतरी माझ्याच हातच्या. काढण्याचं कारण म्हणून तेच वाक्य पुन्हा लिहिलं. चार-पाच जणांनी नऊ वर्षांबद्दल आभार मानले. नवऱ्यानं विचारलं, "गेलं म्हातारं?" मी म्हटलं, "गेलं." आणि आम्ही बाजारात गेलो, मेथी आणली. मला हलकं वाटलं होतं. ते हलकं वाटणं आता मला सगळ्यात जास्त टोचतं.

नवी आवृत्ती निघाली आणि मग मात्र मला चैन पडेना. विचारायला गेले नव्हते, निदान सांगायला तरी जावं. सांगलीत भाचीचं बारसं होतं, ते निमित्त झालं. साताऱ्यातून निघताना पेढ्यांच्या दुकानासमोर मी खुळ्यासारखी उभी राहिले. कुणाकडं सांत्वनाला जाताना पेढे नेत नाहीत. मग मी नक्की कशाला चालले होते? शेवटी पाव किलो घेतले.

मिरज सोडली की हिरवं मागं पडतं. फाट्यावर एसटीतून उतरले आणि बेदाण्याच्या शेडांच्या कडेनं गावात चालत गेले. ऊन मी म्हणत होतं. मेजरचं घर विचारलं तर शेळ्या राखणारी बाई म्हणाली, "त्या मशीनवाल्याचं व्हय?" मी हो म्हटलं.

दारात काकू, म्हणजे मेजरच्या बायको, शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं नाही. पण त्यांनी काही विचारायच्या आधीच मला आतून आवाज आला. ती घरघर. सांगलीच्या जिन्यापर्यंत यायची तीच.

मेजर आतल्या खोलीत, मशीनसमोर, खुर्चीवर होते. फार वाळले होते. मशीनच्या कपाळावर, म्हणजे पुढच्या पत्र्यावर, हळदीकुंकवाचे थरावर थर. दर खंडेनवमीला काकू नांगर-कुऱ्हाडीबरोबर त्याचीही पूजा करायच्या हे नंतर कळलं.

"आलीस व्हय?" मेजर म्हणाले. "बस की." आणि पायानं एक स्टूल पुढं सरकवलं.

मी बसले. पेढे पुढं केले. त्यांनी एक घेतला, काकूंना एक पाठवला. मग भिंतीतल्या कोनाड्यातून एक जाड रजिस्टर काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

पानंच्या पानं आखलेली होती. तारीख, आवृत्ती, किती वाजता सुरू केलं, किती वाजता झालं, निकाल. वेळ फौजी पद्धतीनं, ०६१५, १४४०. कंपायलरची एक आवृत्ती त्या मशीनवर बांधून तपासायला तीन-तीन दिवस लागायचे. मधे लाईट गेली की 'लाईट गेली, परत सुरू'. एका पानावर असं सात वेळा होतं. उन्हाळ्यात मशीन तापायचं, तेव्हा फक्त पहाटेच्या वेळा. आणि शेवटच्या रकान्यात, माझ्या नऊ वर्षांतल्या प्रत्येक आवृत्तीपुढं, एकच शब्द. ओके. ओके. ओके. एकही आवृत्ती सुटली नव्हती.

"मेजर," मी म्हटलं, आणि माझा आवाज चढला. मला रडू येतं तेव्हा आधी रागच येतो. "हे तुम्ही कळवायचं नाही का? एक ओळ? वापरतोय म्हणून एक ओळ लिहायची होती ना यादीवर!"

"काय कळवायचं? पहाऱ्यावरचा शिपाई काय घडलं तरच बोंब मारतो. समदं ठीक हाय, समदं ठीक हाय, आसं वरडत बसत न्हाई." ते हसले. "तू कवा बिघडूच दिलं न्हाईस. बिघडलंच न्हाई, तर कळवू काय?"

"पण मी जाहीर विचारलं होतं. ते पत्र आलं नाही तुम्हाला?"

"आलं की. मोबाईलवर आलं. वाचलं म्या दोनदा."

"मग?"

मेजर मशीनकडं बघत म्हणाले, "त्ये समद्यास्नी हुतं. आन् खाली तुझं नाव. तू लिवलं हुतंस, कुणी उरलं न्हाई. मला वाटलं, पोरीला म्हाईत हाय मशीन माझ्याकडं हाय. तरीबी कुणी न्हाई म्हणती. म्हंजी तिनं मला धरलंच न्हाई. मग चारचौघांत, जगातली माणसं वाचत्यात तितं, तुला खोटं पाडायचं व्हय म्या?"

मी रजिस्टर मिटायला गेले तर शेवटचं पान उघडलं. नव्या आवृत्तीची ओळ होती. सुरू ०७१०. बंद ०७१०. माझा भाग काढल्यावर त्या मशीनवर नवा कंपायलर बांधायला घेतला, तर तो पहिल्याच पायरीला थांबतो आणि हा प्रोसेसर माहीत नाही असं सांगतो. ते मलाच ठाऊक असायला हवं, ती व्यवस्था मीच करून ठेवली होती. मेजरनी निकालाच्या रकान्यात मराठीत लिहिलं होतं. ओळखत नाही.

मग मी रडले. काकू दारातून डोकावल्या आणि काही न विचारता पाणी ठेवून गेल्या.

"मी परत घालते, मेजर. अजून घालता येतं. चार महिने लागतील, पण घालते."

"नगं." त्यांनी हात केला. "मी किती दिसाचा? मी गेल्यावर परत काढणार. दोनदा कशाला रडायचं? बरोबर केलंस तू. एकट्यासाठी किती ओढायचं?" आणि मग, अगदी सहज, पेढ्याचा कागद घडी घालत म्हणाले, "तू येऊन इचारलं आस्तंस ना, तर मीच म्हणलो आस्तो, काढ म्हणून. पर इचारायचं हुतंस."

एवढंच. त्यांनी आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

निघायची वेळ झाली तेव्हा मेजर मशीनकडं वळले. दोन बोटांनी, सावकाश, बंद करण्याची आज्ञा लिहिली. पडद्यावर ओळी येत राहिल्या, मशीन आपलं एकेक आवरत गेलं. शेवटी पडदा काळा झाला आणि पंखा हळूहळू थांबला. त्या खोलीत इतकी शांतता झाली की बाहेर शेंगा फुटतानाचा आवाज आला. मग तोही थांबला.

"आवं, लाईट गेली का वं?" काकूंनी बाहेरून विचारलं.

"न्हाई," मेजर म्हणाले. "लाईट हाय."

फाट्यापर्यंत ते मला सोडायला आले. एसटीत चढल्यावर मी खिडकीतून पाहिलं, तर पाठमोरे चालत घराकडं निघालेले होते.

साताऱ्याला आल्यावर मी ते वाक्य बदलता येतं का बघितलं. मला आधीच माहीत होतं की येत नाही. आमच्याकडं प्रत्येक बदलाची नोंद पुढच्या सगळ्या नोंदींमध्ये गुंफलेली असते. मागचा एक शब्द बदलायला गेलं की पुढचं सगळंच मोडतं, आणि जगभर ज्यांच्याकडं प्रत आहे त्या सगळ्यांकडं तेच वाक्य आहे. म्हणून मी निदान यादीवर लिहिलं. लिहायला दोन दिवस लागले. मी लिहिलं की माझं विधान चुकीचं होतं. हा प्रोसेसर एक माणूस वापरत होता, नऊ वर्षं त्यानं प्रत्येक आवृत्ती तपासली होती, हे मला कळू शकलं असतं, आणि मी त्याला विचारलं नाही. निर्णय बदलावा असं माझं म्हणणं नाही. फक्त हे नोंदलेलं असावं.

दुपारी एक उत्तर आलं. पत्ता ओळखीचा होता, मीच तो यादीत घातला होता. इतक्या वर्षांत त्या पत्त्यावरून आलेलं हे पहिलं पत्र. फौजेतल्या तुटक इंग्रजीत तीन ओळी होत्या. मेंटेनरनं मला विचारलं होतं. मी काढा म्हणून सांगितलं होतं. सर्व ओके.

त्याखाली परदेशातल्या कुणीतरी लिहिलं, गैरसमज दूर झाला हे बरं झालं. विषय संपला.

मी उत्तर लिहायला घेतलं. हे खरं नाही, इथपर्यंत लिहिलं. मग पुसलं. चारचौघांत मी मेजरना खोटं कसं पाडू?